दाताच्या स्टेम सेल हाडाकडे वळल्या का, हे इन्फ्रारेडवर कळेल का? (सांगली-मिरज)

सूक्ष्मदर्शी

नमस्कार मंडळी. सांगलीत पीएच.डी.ला नाव घातलंय. विषय असा: काढलेल्या अक्कलदाढेच्या गरातून, म्हणजे पल्पमधून, स्टेम सेल (अजून कुठलंही ठरावीक रूप न घेतलेल्या पेशी) वाढवायच्या, त्यांना हाडाकडे वळवायचं आणि त्या खरंच वळतायत का यावर लक्ष ठेवायचं.

नेहमीची रीत ठरलेली आहे. ऑस्टिओजेनिक मीडियममध्ये, म्हणजे हाडाकडे वळवणाऱ्या पोषक द्रावात (डेक्सामेथासोन, अ‍ॅस्कॉर्बिक आम्ल, बीटा-ग्लिसरोफॉस्फेट) २१ दिवस ठेवायचं, मधे अल्कलाइन फॉस्फटेज (हाड बनवणाऱ्या पेशींतलं एन्झाइम) बघायचं, शेवटी अ‍ॅलिझरीन रेडने रंगवायचं. लाल झालं की कॅल्शियम बसलं. पैसे उरले तर आरटी-पीसीआर करून रनएक्स२ आणि ऑस्टिओकॅल्सिन ही हाडाकडे वळताना चालू होणारी जनुकं बघायची. पण प्रत्येक टप्प्याला वेगळी चाचणी, वेगळा रंग, वेगळं किट. अँटिबॉडीची एक कुपी मागवायची म्हटलं तरी गाइडच्या कपाळावर आठ्या.

आमच्या शेजारच्या केमिस्ट्री विभागात एफटीआयआर आहे (नमुना कुठला इन्फ्रारेड किती शोषतो याचा आलेख, म्हणजे स्पेक्ट्रम, काढणारं यंत्र), हिऱ्याच्या एटीआरसकट, म्हणजे ज्या स्फटिकावर नमुना दाबून ठेवतात त्याच्यासकट. दिवसभर पॉलिमरच्या पावडरी बघतो तो. पेशींचा गोळा त्यावर ठेवला तर एकाच स्पेक्ट्रममध्ये प्रथिनं, चरबी, न्यूक्लिइक आम्लं, खनिज असं सगळं दिसतं असं वाचलंय. हे जमण्यासारखं आहे का? इथे कुणी केलंय का? गाइड म्हणतात "कर", पण त्यांनीही केलेलं नाही.

निवृत्त_मास्तर

उत्तम विषय घेतलास. तीस-बत्तीस वर्षं फिजिक्स शिकवलं, त्यामुळे आधी पाया घालतो. घाईत असणाऱ्यांनी खाली जावं.

विल्यम हर्शेलने १८०० साली सूर्यप्रकाशाच्या वर्णपटात तांबड्याच्या पलीकडे थर्मामीटर ठेवला आणि तिथेही पारा चढलेला बघितला. तोच हा प्रकाश. रेणूंचे बंध सतत थरथरत असतात आणि प्रत्येक बंधाची थरथरण्याची स्वतःची गती असते. त्या गतीशी जुळणारा इन्फ्रारेड तेवढा शोषला जातो. बाकीचा आरपार. मोजमाप तरंगसंख्येत, म्हणजे एका सेंटिमीटरमध्ये किती लाटा बसतात त्यात. तुझ्या कामाचा पट्टा साधारण ४००० ते ४००.

पेशीत काय कुठे दिसेल? १६५० च्या आसपास अमाइड-१, हा प्रथिनांच्या कण्यातल्या कार्बन-ऑक्सिजन बंधाचा. १५४५ जवळ अमाइड-२. चरबीच्या लांब शेपट्या २८५० आणि २९२० वर, आणि ट्रायग्लिसराइडचा एस्टर १७४० वर. डीएनए-आरएनएच्या फॉस्फेटचे दोन, १२४० आणि १०८० जवळ. ग्लायकोजेन १०२० ते ११५० मध्ये पसरलेलं. अमाइड-१ चा आकार नीट बघितलास तर प्रथिनांची घडीही थोडी उमगते. अल्फा-हेलिक्स असेल तर १६५५ कडे, बीटा-शीट असेल तर १६३० कडे झुकतो.

तुझं हाड १०३० वर दिसेल, हाडातल्या खनिजाचा, म्हणजे हायड्रॉक्सीअ‍ॅपटाइटच्या फॉस्फेटचा भलामोठा पीक (आलेखातला उंचवटा). त्याच पेशी चरबीकडे वळवल्यास, तर १७४० आणि २८५० वर येतील. मग आणखी काय हवं?

मिरजकर_पॅथॉलॉजिस्ट

मास्तर, "मग आणखी काय हवं" याच्यावरच सगळं अडतं.

मी रोज एफटीआयआर वापरतो, पण मुतखड्यासाठी. खडा कुटला, एटीआरवर ठेवला की कॅल्शियम ऑक्झलेट, युरिक आम्ल, स्ट्रुव्हाइट की अ‍ॅपटाइट, लगेच कळतं. मोनोहायड्रेट ऑक्झलेटचा १३१७ जवळचा पीक तर आता झोपेतही ओळखेन. कारण खडा म्हणजे एक-दोन पदार्थ. पेशी म्हणजे हजारो पदार्थांचं मिश्रण, आणि त्यात "मी स्टेम सेल" असं सांगणारा पीक कुठेच नाही.

सूक्ष्मदर्शी, तुला एक ठोस सावधगिरी सांगतो. पेशी शेवटी धुताना सवयीने पीबीएस (पेशी धुवायचं नेहमीचं खारं द्रावण) वापरशील. पीबीएसमध्ये फॉस्फेट असतं. वाळल्यावर तेच फॉस्फेट ९९० ते १०८० च्या टापूत उगवतं आणि तू "खनिज आलं, खनिज आलं" म्हणून नाचशील. शेवटचं धुणं साध्या ०.९ टक्के सलाइनने कर. मीठ या टापूत काही शोषत नाही. आणि त्याआधी सीरमवालं मीडियम पूर्ण जाईपर्यंत धू, नाहीतर वासराच्या सीरममधली प्रथिनं अमाइडमध्ये मोजशील.

भडंगप्रेमी

इथे एक शंका. माझ्या मेहुण्याला गुडघ्यात स्टेम सेलचं इंजेक्शन घ्या म्हणून सांगितलंय कुणीतरी. "तुमच्याच चरबीतून काढतो, कूर्चा नवी तयार होते." किंमत ऐकून तो दोन दिवस बोलला नाही. तुमचं हे मशीन लावून त्या इंजेक्शनात काय आहे ते बघता येईल का?

मिरजकर_पॅथॉलॉजिस्ट

@भडंगप्रेमी, मशीन राहू द्या. आयसीएमआरची (भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद) २०१७ ची स्टेम सेल मार्गदर्शक तत्त्वं आहेत. रक्ताच्या ठरावीक आजारांसाठी रक्तजनक स्टेम सेलचं प्रत्यारोपण, ज्याला लोक बोन मॅरो ट्रान्सप्लांट म्हणतात, ते मान्य उपचारात येतं. बाकी सगळं फक्त परवानगी घेतलेल्या क्लिनिकल ट्रायलमध्ये, आणि ट्रायलमध्ये रुग्णाकडून उपचाराचे पैसे घ्यायचे नसतात. मेहुण्याला सांगा, ट्रायलचा नोंदणी क्रमांक मागा. बहुतेक ठिकाणी संभाषण तिथेच संपतं.

भडंगप्रेमी

मागतो म्हणतो तो. आभार डॉक्टर. तुम्ही चालू द्या, मी वाचतोय. निम्मं कळतंय.

मेलबर्नहून_तासगावकर

मूळची तासगावची, आता मेलबर्नला. इथल्या क्लेटनच्या सिंक्रोट्रॉनवर (अतिशय प्रखर प्रकाश देणारं प्रचंड यंत्र) इन्फ्रारेड बीमलाइन आहे, तिथे काही काळ काम केलंय.

तुझी कल्पना नवी नाही, आणि ही चांगली गोष्ट आहे. २००८ मध्ये इटलीतल्या गटाने उंदराच्या भ्रूणीय स्टेम सेल आपोआप विभेदित होताना एफटीआयआरने बघितल्या. प्रथिनांच्या आणि न्यूक्लिइक आम्लांच्या टापूत बदल सुरुवातीच्या दिवसांतच दिसले होते. २०१० मध्ये इथल्या, म्हणजे मोनाश विद्यापीठाच्या लोकांनी मानवी भ्रूणीय पेशी दोन वेगळ्या वाटांना लावल्या आणि सुरुवातीच्या टप्प्यातच इन्फ्रारेडने त्या वेगळ्या ओळखल्या.

पण त्यांचं आणि तुझं मोजमाप वेगळं आहे. ते सूक्ष्मदर्शकातून, पातळ थरावर. तू गोळ्यावर, एटीआरने. एटीआरमध्ये प्रकाश हिऱ्याच्या आतच परावर्तित होतो आणि पृष्ठभागाबाहेर अगदी थोडा डोकावतो. १६५० जवळ जेमतेम सव्वा मायक्रॉन, १००० जवळ दोन मायक्रॉन. म्हणजे खनिजाचा पीक आपोआप जास्त खोलीवरून येतो आणि अमाइड कमी खोलीवरून. त्यामुळे तुझं खनिज-प्रथिन गुणोत्तर ट्रान्समिशनवाल्या (प्रकाश नमुन्यातून आरपार नेणाऱ्या) पेपरातल्या आकड्यांशी थेट ताडून बघू नकोस. सॉफ्टवेअरमध्ये एटीआर करेक्शन असतं, ते लावायचं की नाही हे पहिल्याच दिवशी ठरव आणि शेवटपर्यंत तेच ठेव.

हिरा आहे हे मात्र नशीब. झिंक सेलेनाइडचा क्रिस्टल असता तर ६५० च्या खालचं हातातून गेलं असतं, आणि तुला ६०० आणि ५६० चे पीक लागणार आहेत. का ते सांगते.

बीटा-ग्लिसरोफॉस्फेट जास्त झालं की पेशींनी काहीही न करता कॅल्शियम फॉस्फेटचा गाळ बसतो. अ‍ॅलिझरीन रेड त्यालाही लाल करतं, बिचाऱ्याला फरक कळत नाही. इन्फ्रारेडला थोडा कळतो. गाळ आकारहीन असेल तर ५६०-६०० च्या टापूत एकच पसरट उंचवटा येतो. अ‍ॅपटाइट स्फटिकासारखं बसत गेलं की त्याचे दोन वेगळे पीक होतात. शिवाय ८७० जवळ कार्बोनेट बघ, हाडातल्या अ‍ॅपटाइटमध्ये ते असतंच. आणि कोलॅजेन: १२०४, १२८० आणि १३३८ जवळचे छोटे पीक. कोलॅजेन नाही आणि नुसतं फॉस्फेट आहे, तर ते हाड नाही.

मिरजकर_पॅथॉलॉजिस्ट

हे आवडलं. फक्त स्फटिक झालं म्हणजे पेशींनीच केलं असंही नाही, गाळसुद्धा दिवसांनी अ‍ॅपटाइट होतो. म्हणून पेशी नसलेली प्लेट त्याच मीडियममध्ये तेवढेच दिवस ठेवायची, आणि पेशी मारून ठेवलेली आणखी एक. या दोन्ही प्लेटांवर खनिज दिसलं तर तुझ्या निकालाची हवा गेली. ग्लिसरोफॉस्फेट १० मिलीमोलरच्या वर नेऊ नकोस. खाली ठेवता आलं तर बरंच.

निवृत्त_मास्तर

@मेलबर्नहून_तासगावकर, मान्य. पण मूळ प्रश्न "लक्ष ठेवण्याचा" आहे. पेशी जिवंत ठेवून रोज तीच प्लेट बघता येईल का?

मेलबर्नहून_तासगावकर

सांगलीतल्या त्या यंत्रावर नाही. पाणी आडवं येतं. पाण्याचा स्वतःचा वाकण्याचा पीक १६४० च्या आसपास, म्हणजे बरोबर अमाइड-१ च्या डोक्यावर, आणि प्रचंड मोठा. जिवंत पेशी ट्रान्समिशनने बघायच्या तर पाण्याचा थर दहा मायक्रॉनच्या आत ठेवावा लागतो. त्यासाठी कॅल्शियम फ्लोराइडच्या खिडक्या, सूक्ष्मवाहिन्या, सिंक्रोट्रॉनचा झगझगीत प्रकाश. एटीआर क्रिस्टलवरच पेशी वाढवणारे लोक आहेत, पण मग ते यंत्र तीन आठवडे तुझ्याच इन्क्युबेटरला जोडलेलं राहणार. पॉलिमरवाले तुला हाकलतील.

त्यामुळे तू पेशी खरवडणार, धुणार, वाळवणार आणि मग बघणार. रंग नाही, अँटिबॉडी नाही, पण त्या पेशी मेलेल्याच. प्लेट तुझीही संपणारच आहे. त्याच पेशींवर रोज लक्ष ठेवायची आशा सोडून दे. वाचतं ते किट आणि वेळ, आणि एकाच नमुन्यातून चार गोष्टींचा अंदाज येतो.

निवृत्त_मास्तर

मग रामन स्पेक्ट्रोस्कोपी (नमुन्यावरून विखुरलेला प्रकाश मोजायची रीत) का नको? पाण्याचा त्रास नाही, आणि १९२८ चा आपलाच शोध!

मेलबर्नहून_तासगावकर

मास्तर, अभिमान ठीक आहे. :) रामनला पाणी खरंच फारसं त्रास देत नाही, खनिजाचा ९६० चा पीक तर सुरेख येतो. पण सिग्नल फार अशक्त, एकेका पेशीला वेळ लागतो, आणि नमुन्याची फ्लुरोसन्स मधे आली की सगळं बुडतं. शिवाय तिच्या शेजारच्या विभागात जे यंत्र आहे त्यावर बोलूया.

ब्रिक्सवाले_काका

वाळवा तालुक्यातल्या साखर कारखान्याच्या लॅबमध्ये आयुष्य गेलं. स्टेम सेलमधलं मला ओ की ठो कळत नाही, पण इन्फ्रारेडने मिश्रण मोजण्याचं कळतं. आमच्याकडे उसाच्या रसाला निअर-इन्फ्रारेड आला तेव्हा लोकांना वाटलं, आता पोलॅरिमीटर विकून टाका. तसं होत नाही, बाळ. ब्रिक्स बघून रसात विरघळलेलं एकूण किती ते कळतं, त्यातली साखर किती ते पोल घेतल्याशिवाय कळत नाही. तुझा स्पेक्ट्रम मला ब्रिक्ससारखा दिसतोय. त्याच्याशेजारी पोल घेणारं काहीतरी दर वेळी हवं.

दुसरं. कॅलिब्रेशन एका गटातल्या, एका जातीच्या उसावर केलं आणि हंगामात दुसऱ्या जातीचा ऊस आला की आकडे हलतात. तुझे दात किती माणसांचे आहेत?

सूक्ष्मदर्शी

काका, तूर्त एकाच दात्याच्या पेशी आहेत. पण त्यांचे पन्नासेक स्पेक्ट्रा घेता येतील ना?

ब्रिक्सवाले_काका

एकाच उसाच्या कांड्याचा पन्नास वेळा रस काढला, तर तो पन्नास शेतांचा होत नाही.

मेलबर्नहून_तासगावकर

काकांनी नेमकं तेच सांगितलं जे या क्षेत्रातल्या बऱ्याच पेपरांत चुकतं. पीसीए (स्पेक्ट्रा सारखेपणावरून ठिपक्यांत मांडणारं गणित) केलं, दोन रंगांचे ठिपके वेगळे पडले, झाला निष्कर्ष. पण ठिपके कशामुळे वेगळे पडले? दिवस ० चे नमुने सोमवारी मोजले आणि दिवस २१ चे तीन आठवड्यांनी, मधे यंत्राची बेसलाइन (आलेखाची तळरेषा) सरकली, तर पीसीए तुला यंत्राचं वय सांगेल. नमुने वाळवून डेसिकेटरमध्ये साठव आणि शेवटी सगळे मिसळून, नाव झाकून, एकाच बैठकीत मोज.

दाते जमतील तेवढे घे. मॉडेल तपासताना एक दाता पूर्ण बाहेर ठेव, बाकीच्यांवर शिकव, मग त्या बाहेरच्यावर चालव. असं प्रत्येक दात्याला बाहेर ठेवून कर. ज्याचे स्पेक्ट्रा शिकवताना वापरले त्याचेच तपासताना वापरलेस तर निकाल नव्वदच्या वर येणारच, आणि त्याला काही अर्थ नसणार.

दुसरा गोंधळ पेशींच्या विभागणीचा. मीडियम बदललं की पेशी वाढायच्या थांबतात. वाढती पेशी आणि थांबलेली पेशी यांचा न्यूक्लिइक आम्लांचा टापू तसाच वेगळा दिसतो. शिवाय क्रोमॅटिन (डीएनए आणि प्रथिनांची गुंडाळी) घट्ट आवळलेलं असलं की त्यातलं डीएनए इन्फ्रारेडला पूर्ण दिसतच नाही. त्यामुळे "आरएनए-डीएनए बदललं, म्हणजे हाडाकडे वळली" असं लिहू नकोस. कदाचित ती नुसती थांबली असेल. म्हणून तिसरा गट हवा: साध्या मीडियममध्ये प्लेट गच्च भरून थांबलेल्या पेशी. त्याच दिवसांना, तशाच धुतलेल्या.

निवृत्त_मास्तर

बेसलाइनचा विषय निघालाच आहे तर सांगतो. सांगलीतला पावसाळा विसरू नकोस. हवेतल्या बाष्पाच्या अणकुचीदार रेषा १४०० ते १९०० मध्ये, म्हणजे अमाइडवरच पडतात. दुसरा डेरिव्हेटिव्ह (पीक टोकदार करायचं गणित) घेतलास की त्या रेषा पिकांसारख्या उठून दिसतात आणि माणूस त्यांनाच प्रथिनांची घडी समजतो. नायट्रोजन सोडून यंत्र कोरडं ठेवायचं, बॅकग्राउंड वारंवार घ्यायचा. यंत्रातला बीमस्प्लिटर (प्रकाशाचे दोन भाग करणारी चकती) बहुधा पोटॅशियम ब्रोमाइडचा असतो, तो ओल शोषून धुरकट होतो. डेसिकंटची पुडी निळी आहे की गुलाबी, रोज बघ. यंत्र मोडलं तर दुरुस्तीची किंमत ऐकून भडंगप्रेमींचा मेहुणासुद्धा हसेल.

भडंगप्रेमी

:) मेहुण्याने नोंदणी क्रमांक मागितला. "मागाहून देतो" म्हणाले. अजून आला नाही.

सूक्ष्मदर्शी

सगळ्यांचे आभार, खूपच कामाचं मिळालं. आता आराखडा असा बदलते. पेशी स्टेम सेल आहेत हे आधी नेहमीच्या पद्धतीनेच दाखवायचं: पेशीच्या पृष्ठभागावरच्या सीडी७३, सीडी९०, सीडी१०५ या खुणा आणि बाकीचं, २००६ च्या आंतरराष्ट्रीय निकषांप्रमाणे. ते इन्फ्रारेडवर ढकलायचं नाही. नंतर दिवस ०, ३, ७, १४, २१. प्रत्येक दिवशी शेजारच्याच प्लेटवर एएलपी (अल्कलाइन फॉस्फटेज) किंवा अ‍ॅलिझरीन, हे काकांचं पोल. हाडाचं मीडियम, साधं मीडियम, पेशी नसलेली प्लेट, मेलेल्या पेशींची प्लेट. चरबीकडे वळवलेला एक गटही घेईन म्हणते, म्हणजे यंत्राला दोन वाटा वेगळ्या कळतात का ते दिसेल.

दोन शंका उरल्या. पेशी फॉर्मलिनमध्ये टिकवून मग मोजल्या तर चालेल का? आणि खरवडायच्या की ट्रिप्सिन या एन्झाइमने सोडवायच्या?

मेलबर्नहून_तासगावकर

चरबीचा गट जरूर घे, पण तिथे अल्कोहोलच्या आसपास फिरकू नकोस. इथेनॉल-मिथेनॉलने चरबी धुऊन जाते, १७४० चा पीक पळतो आणि गटाचा उपयोगच संपतो. फॉर्मलिन चरबी बरीच ठेवतं, पण प्रथिनांना आडवे टाके घालतं, त्यामुळे अमाइड थोडं बदलतं. जे करशील ते सगळ्या गटांना सारखं कर. शक्य असेल तर काहीच न घालता सलाइनने धू, मग क्षणभर थंड डिस्टिल्ड पाणी, आणि लगेच नायट्रोजनच्या हलक्या झोतात वाळव. पाणी जास्त वेळ राहिलं तर पेशी फुटतील आणि आतलं सगळं वाहून जाईल.

खनिज बसलेल्या दिवस २१ च्या थराला ट्रिप्सिन लावू नकोस, कोलॅजेनचं जाळं ओढून निघत नाही आणि अर्धं प्लेटवरच राहतं. स्क्रेपरने खरवड. आणि दिवस ० लासुद्धा स्क्रेपरच, नाहीतर दिवस ० ट्रिप्सिनचा आणि दिवस २१ स्क्रेपरचा, असा फरक मोजत बसशील. हिऱ्यावर दाब सारखा हवा. दाबयंत्राचा स्क्रू 'टक्' होईपर्यंतच फिरवायचा.

मिरजकर_पॅथॉलॉजिस्ट

आणि मोजमापाच्या आधीचं. काढलेली दाढ कचऱ्यात जाणारी असली तरी ती माणसाची आहे. रुग्णाची लेखी संमती, संस्थेच्या नैतिकता समितीची मान्यता, आणि स्टेम सेलच्या कामासाठी वेगळी समिती असते तिचीही. तुमच्या संस्थेत ती नसेल तर नोंदणी झालेली समिती असलेल्या मेडिकल किंवा डेंटल कॉलेजशी करार करावा लागेल. संमतीपत्र मराठीत कर, आणि त्यात "पेशींपासून उपचार तयार करणार" असलं काही लिहू नकोस, भडंगप्रेमींच्या मेहुण्यासारखे लोक फोन करतील. वय, धूम्रपान, तंबाखू-मिश्री आणि मधुमेह यांची नोंद घे. दात्यादात्यांत फरक आला तर पहिल्यांदा तिथेच बघावं लागेल.

सूक्ष्मदर्शी

मिश्रीचं लक्षातच आलं नव्हतं, डॉक्टर. फॉर्ममध्ये रकाना घालते. सोमवारी केमिस्ट्रीवाल्यांकडे यंत्राची वेळ मागायला जातेय. आधी रिकाम्या हिऱ्याचा आणि नुसत्या वाळलेल्या सलाइनचा स्पेक्ट्रम घेऊन इथे टाकते, मास्तरांनी बेसलाइन बघावी.

निवृत्त_मास्तर

टाक. पीबीएसचाही एक टाक शेजारी, डॉक्टर म्हणाले तो पीक सगळ्यांना दिसू दे.